वारशाची जमीन विकताय? खालच्या वायूवर हक्क कोणाचा, वरच्या वाहिनीचं मोल किती, ते आधी समजून घ्या

लासूर स्टेशन आणि परिसरातल्या गंगापूर-वैजापूरच्या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. समृद्धी महामार्ग आला, त्याच्या सोबतीने नैसर्गिक वायूची मुंबई-नागपूर वाहिनी आली. त्यामुळे वडिलोपार्जित शेत विकायला काढलं की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. पहिला, ‘जमिनीखाली वायू किंवा खनिज असेल तर त्याचे पैसे आपल्याला मिळतील का?’ दुसरा, ‘शेतातून वायूवाहिनी गेली तर जमिनीची किंमत पडते का?’

दोन्ही प्रश्नांवर पारावर भरपूर मतं मिळतात. पण एका चुकीच्या समजुतीपायी वारसांचं काही लाखांचं नुकसान होऊ शकतं. म्हणून कायदा काय सांगतो आणि हिशेब कसा मांडायचा, ते सोप्या भाषेत पाहू.

थोडक्यात महत्त्वाचं

• महाराष्ट्रात जमिनीखालच्या खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे आहे. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून वायूवर मालकी येत नाही.

• वायूवाहिनीसाठी जमिनीची मालकी जात नाही, फक्त ‘वापर हक्क’ घेतला जातो. त्याची भरपाई कायद्याने ठरलेली आहे.

• भरपाई सगळ्या वारसांची असते. विक्रीआधी ती मिळाली का, बाकी आहे का, हे तपासणं गरजेचं.

• वाहिनीच्या पट्ट्यामुळे अख्ख्या शेताचा भाव पाडून मागणं चुकीचं आहे. हिशेब पट्ट्यापुरता मांडा.

‘जमीन माझी, मग खालचा वायूही माझाच’ हे खरं का?

नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम ४८ याबाबत स्पष्ट आहे. जमिनीच्या पृष्ठभागावर किंवा भूगर्भात, कुठेही सापडणाऱ्या सर्व खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे राखून ठेवलेला आहे. म्हणूनच स्वतःच्या शेतातला मुरूम किंवा दगड काढून विकायचा तरी परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. विनापरवाना उत्खननाला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, हे या भागातल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत आणखी एक थर आहे. तेलक्षेत्र (नियमन व विकास) अधिनियम, १९४८ नुसार नैसर्गिक वायू हा ‘खनिज तेला’त मोडतो. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्रीय सूचीत, ५३ व्या नोंदीत तेलक्षेत्रं आणि खनिज तेलाचा विषय आहे. गुजरातने वायूसाठी स्वतःचा कायदा केला होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००४ मध्ये सांगितलं, की नैसर्गिक वायूवर कायदा करण्याचा अधिकार संसदेचाच आहे.

थोडक्यात, जमिनीवर वायूचं उत्पादन झालं तर स्वामित्वधन राज्य सरकारकडे जातं. समुद्रातल्या उत्पादनाचं केंद्राकडे जातं. मुंबई हायमध्ये १९७६ पासून उत्पादन सुरू आहे, पण ते क्षेत्र समुद्रात असल्याने तिथलं स्वामित्वधनही केंद्राचंच. जमीनमालकाला मिळते ती जमिनीच्या वापराची, पिकाची आणि नुकसानीची भरपाई. खालच्या वायूतला हिस्सा मिळत नाही.

मग सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाचं काय?

८ जुलै २०१३ रोजी थ्रेसियाम्मा जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की भूगर्भातल्या संपत्तीची मालकी सर्वसाधारणपणे जमिनीच्या मालकीसोबत जाते. या निकालाचा ‘आता खनिजंही शेतकऱ्याचीच’ असा एका ओळीचा सारांश काढला जातो. पण पुढची अट गाळली जाते. ती अशी: वैध मार्गाने तो हक्क काढून घेतलेला नसेल तर.

तो खटला केरळमधल्या मलबार भागातल्या जमिनींचा होता. तिथल्या जुन्या जमीनधारणा पद्धतीत खनिजांवरचा हक्क जमीनमालकाकडून काढून घेतलेला नव्हता. महाराष्ट्रात कलम ४८ ने तो हक्क थेट सरकारकडे ठेवला आहे. त्यामुळे हा निकाल दाखवून कोणी लासूरच्या शेतकऱ्याला ‘तुमचे खनिज हक्क आम्ही विकत घेतो’ म्हणत असेल, तर जे तुमच्याकडे नाही तेच तो मागतोय. मग त्याला खरंच काय हवंय, हा प्रश्न विचारायला हवा.

मराठवाड्यातल्या काही कुटुंबांकडे निजामकाळातल्या सनदा आणि इनामपत्रं आहेत. त्यातल्या शब्दांवर खनिजाचा दावा उभा राहू शकतो का, हे फक्त कागद पाहून जाणकार वकीलच सांगू शकेल. तोवर त्या कागदाला कोणतीही ‘किंमत’ लावून व्यवहार करू नये.

वारशात वायू मिळतो का? देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण

या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर मुंबईतल्या एका घराण्याच्या वाटणीतून मिळालं. धीरूभाई अंबानी यांचं जुलै २००२ मध्ये निधन झालं. मृत्युपत्र नव्हतं. जून २००५ मध्ये मुकेश आणि अनिल या भावांमध्ये उद्योगसमूहाची वाटणी झाली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूपैकी रोज २.८ कोटी घनमीटर वायू, १७ वर्षं, प्रति युनिट २.३४ डॉलर दराने धाकट्या भावाच्या कंपनीला मिळावा, असा त्या कंपनीचा दावा होता. पुढे सरकारने त्या वायूसाठी ४.२० डॉलर दर मंजूर केला आणि वाद पेटला.

मुंबई उच्च न्यायालयाने जून २००९ मध्ये अनिल अंबानी यांच्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ७ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक बहुमताने तो फिरवला. वायू ही देशाची संपत्ती, त्याच्या दरावर आणि वाटपावर सरकारचा अधिकार. कुटुंबातला समझोता त्यापेक्षा मोठा ठरत नाही.

देशातल्या सगळ्यात श्रीमंत घराला जे वाटणीत वाटता आलं नाही, ते तीन एकरांच्या वाटणीपत्रातही लिहून उपयोग नाही. ‘खालच्या खनिजाचा हक्क तिघा भावांत समान’ अशी ओळ वाटणीपत्रात घातली, तरी तिला कायद्यात वजन नाही.

लासूर परिसरात खाली वायू असण्याची शक्यता किती?

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे एकावर एक थर. तेल आणि वायू साधारणतः गाळाच्या खडकांत सापडतो. बेसॉल्टच्या खाली खोलवर गाळाचे जुने थर असू शकतात आणि भूशास्त्रज्ञांना त्यात रस आहे. पण ‘रस आहे’ आणि ‘साठा आहे’ यात फार अंतर असतं. विहिरीत किंवा बोअरमध्ये बुडबुडे आले, वास आला, म्हणून वायूसाठा सापडला असं होत नाही. सेंद्रिय पदार्थ कुजूनही मिथेन तयार होतो. जमिनीचा भाव ठरवताना या गोष्टीचं मोल शून्य धरावं.

मग वायूमुळे आपल्या जमिनीच्या किमतीत फरक कुठे पडतो?

वाहिनीमुळे. मुंबई-नागपूर वायूवाहिनी ‘गेल’ची असून तिची बहुतांश लांबी समृद्धी महामार्गाच्या हद्दीतल्या पट्ट्यातूनच जाते. त्या जमिनीचा मोबदला महामार्गासाठी आधीच दिलेला असल्याने शेजारच्या शेताला वाहिनीची वेगळी भरपाई मिळत नाही. शेत महामार्गाला लागून आहे, एवढ्याने हक्क तयार होत नाही.

पण जिथे वाहिनी किंवा तिची शाखा खासगी शेतातून जाते, तिथे गोष्ट बदलते. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत घरोघरी, वाहनांना आणि उद्योगांना वायू पुरवण्याचं काम भारत पेट्रोलियमकडे आहे. असं जाळं वाढतं, तसा नव्या गटांचा प्रश्न येऊ शकतो.

अशा वेळी पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्या (जमिनीतील वापर हक्काचं संपादन) अधिनियम, १९६२ लागू होऊ शकतो. त्याचा क्रम असा:

१. कलम ३: गट क्रमांकांसह राजपत्रात अधिसूचना निघते. ही तारीख लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब याच तारखेवर चालतो.

२. कलम ५: अधिसूचना लोकांना उपलब्ध झाल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते.

३. कलम ६: वापर हक्क घेतल्याची घोषणा होते. जमिनीची मालकी मात्र शेतकऱ्याकडेच राहते.

४. कलम ९: पट्ट्यात इमारत, विहीर, तलाव, बंधारा करता येत नाही आणि झाड लावता येत नाही. बाकी शेती पूर्वीसारखी सुरू ठेवता येते.

५. कलम १०: पीक, झाडं, बांध यांच्या नुकसानीची भरपाई. शिवाय त्या पट्ट्याच्या, अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारमूल्याच्या १० टक्के रक्कम. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

म्हणजे पट्ट्यात कांदा, मका, कापूस, गहू घेता येतो. मोसंबी-आंब्याची बाग, शेततळं किंवा नवी विहीर मात्र नाही. ज्याला फक्त हंगामी पिकं घ्यायची आहेत, त्याला हा पट्टा फारसा नडत नाही. ज्याला बाग लावायची किंवा प्लॉट पाडायचे आहेत, त्याला नडतो. किमतीतला खरा फरक इथून येतो.

हिशेब करून पाहू

खालचे सगळे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गटाचा भाव वेगळा असेल.

समजा, वडिलांच्या पश्चात तीन वारसांच्या नावावर १ हेक्टर २० आर, म्हणजे साधारण तीन एकर जमीन आहे. भाव हेक्टरी ५० लाख रुपये. पूर्ण जमिनीची किंमत ६० लाख. वाहिनीचा पट्टा २० मीटर रुंद आणि शेतातली लांबी १५० मीटर. पट्ट्याचं क्षेत्र ३,००० चौरस मीटर, म्हणजे ३० आर.

• पट्ट्याचं बाजारमूल्य: ०.३० × ५० लाख = १५ लाख रुपये

• १० टक्के भरपाई: दीड लाख रुपये (पीक-झाडांचं नुकसान वेगळं)

• तीन समान वारस असतील तर प्रत्येकी: ५० हजार रुपये

आता खरेदीदार येतो आणि म्हणतो, ‘गॅसची लाइन आहे, जमीन मेली. अख्खी ३५ लाखांत देऊन टाका.’ हिशेब असा मांडा. ९० आर जमिनीवर कोणतंही बंधन नाही, तिची किंमत ४५ लाख. उरलेल्या ३० आर पट्ट्याचा भाव अगदी निम्मा धरला तरी साडेसात लाख. एकूण साडेबावन्न लाख. म्हणजे ३५ लाखांना होकार दिला तर साडेसतरा लाख रुपये हातचे गेले.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. पट्टा बांधाच्या कडेने गेला असेल तर वरचा हिशेब ठीक आहे. पण तो शेताच्या मधोमध तिरपा गेला असेल, दोन्ही बाजूंना लहान तुकडे उरत असतील किंवा विहिरीची जागा नेमकी त्यात अडकली असेल, तर बाकीच्या जमिनीचा भावही काही प्रमाणात उतरतो. म्हणून मोजणी नकाशावर पट्टा आखून घेतल्याशिवाय भाव ठरवू नका.

‘बाजारमूल्य’ कोण ठरवतं?

सुरुवात वार्षिक मूल्यदर तक्त्यातल्या, म्हणजे आपल्या भाषेत रेडीरेकनरच्या दरापासून होते. पण ते शेवटचं सत्य नाही. अधिसूचनेच्या आधी शेजारच्या गटांची जी खरेदीखतं नोंदली गेली, ती मोठा पुरावा ठरतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’ सुविधेवर गाव आणि गट क्रमांक टाकून सूची क्रमांक दोनचे उतारे पाहता येतात.

शेजारचं खरेदीखत तीन-चार वर्षं जुनं असेल तर? गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात ‘ओएनजीसी’साठी घेतलेल्या जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये याची चर्चा केली. शहरी भागात वर्षाला १० ते १५ टक्के, तर ग्रामीण भागात साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे ५ ते ७.५ टक्के वाढ धरता येते, असं न्यायालयाने म्हटलं. वेगळा पुरावा असेल तर हा आकडा बदलू शकतो. जिल्हा न्यायालयात जाताना असे दोन-तीन व्यवहार हाताशी असले की आपलं म्हणणं नुसतं तोंडी राहत नाही.

वारसांनी विक्रीआधी काय तपासावं?

वारस नोंद: सातबाऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर आधी वारस फेरफार करून घ्या. तलाठ्याकडे किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीवर अर्ज करता येतो. भरपाईची रक्कम अडकून पडण्याचं मोठं कारण अपुरी वारस नोंद हे असतं.

इतर हक्काचा रकाना: वापर हक्काची नोंद इथे दिसायला हवी. नोंद नाही म्हणजे वाहिनी नाही, असं समजू नका. राजपत्रातली अधिसूचना गट क्रमांकानुसार तपासा.

बहिणींचा हिस्सा: मुलगी जन्मानेच सहदायक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात पक्कं केलं. भरपाईतही तिचा वाटा आहे. ‘सही कर, बाकी आम्ही बघतो’ म्हणून घेतलेल्या हक्कसोडपत्रात भविष्यातली वाढीव भरपाईही जाते का, हे तिने वाचूनच सही करावी.

भावकीचा अग्रहक्क: एक वारस आपला हिस्सा बाहेर विकत असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार इतर वारसांना तो विकत घेण्याचा पहिला हक्क आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

भोगवटा वर्ग: जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर परवानगीशिवाय विक्री करू नका. तुकडेबंदीचा नियमही पाहून घ्या.

खरेदीखतातली ओळ: भरपाई मंजूर आहे पण मिळालेली नाही, किंवा वाढीव भरपाईचा अर्ज न्यायालयात आहे, तर ती रक्कम विकणाऱ्याला मिळणार की घेणाऱ्याला, हे खरेदीखतात स्पष्ट लिहा. ही एक ओळ राहिली की पुढे वाद ठरलेलाच.

कोणत्या कागदावर सही करू नये?

‘खनिज हक्क’, ‘वायू हक्क’ अशा नावाखाली पाच-दहा हजारांचा विसार देऊन मुद्रांक कागदावर सह्या मागितल्या, तर आतला मजकूर शब्दन् शब्द वाचा. वर नाव काहीही असो, आत साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र असू शकतं. साठेखत म्हणजे पूर्ण जमीन विकण्याचा करार आणि कुलमुखत्यारपत्र म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही तर अजिबात नाही. वाहिनीच्या भरपाईचं काम सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत चालतं. त्यासाठी मधल्या माणसाला जमिनीचा अधिकार देण्याची गरज नसते.

घरातलं कोणी अमेरिकेत असेल तर?

तिथे नियम उलटा आहे. अमेरिकेत खासगी जमिनीखालचा वायू खासगी मालकीचा असू शकतो. जमीन एकाची आणि खालचे खनिज हक्क दुसऱ्याचे, असंही चालतं. टेक्सासमध्ये घर विकताना जुना मालक खनिज हक्क स्वतःकडे राखून ठेवतो, हे सर्रास होतं. त्यामुळे तिथल्या मराठी कुटुंबातल्या वारसाने आधी खरेदीखत पाहावं, की हक्क आहेत की नाहीत.

असतील तर मोल कसं काढायचं? समजा, ४० एकरांखालच्या खनिजाचा निम्मा हक्क वारशाने आला. म्हणजे निव्वळ २० एकर. ६४० एकरांच्या एकत्रित क्षेत्रात विहीर आहे आणि स्वामित्वधनाचा दर २० टक्के आहे. तर २० भागिले ६४०, गुणिले ०.२० म्हणजे ०.००६२५. विहिरीच्या प्रत्येक १०० डॉलर विक्रीमागे वारसाला साडेबासष्ट सेंट. प्रक्रिया आणि वाहतुकीची कपात होत असेल तर त्याहून कमी.

इथे सगळ्यात मोठी फसगत पहिल्या धनादेशामुळे होते. शेल वायूच्या नव्या विहिरीचं उत्पादन पहिल्या एक-दोन वर्षांतच निम्म्याखाली येऊ शकतं. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्याची रक्कम कायम मिळेल असं धरून किंमत ठरवणं चूक. उलट, अजून विहीर न खोदलेल्या क्षेत्राची घाईने विक्री करणंही महागात पडतं. घरपोच आलेल्या पहिल्या प्रस्तावाला होकार न देता किमान दोन-तीन प्रस्ताव घ्यावेत. मृत्यूच्या दिवशीच्या बाजारमूल्याचा लेखी अंदाज काढून ठेवावा, कारण अमेरिकेत वारशाच्या मालमत्तेच्या विक्रीवरचा नफा साधारणपणे त्या मूल्यापासून मोजतात.

अमेरिकेत राहणाऱ्या व्यक्तीकडून भारतात राहणाऱ्या वारसाला असे हक्क आले तर ते ठेवता येतात. मात्र आपल्या प्राप्तिकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात त्यांची नोंद चुकवू नये.

व्यवहाराआधी ही फाइल तयार ठेवा

• चालू सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार

• वारस नोंदीचा फेरफार, मृत्यू दाखला

• मोजणी नकाशा, त्यावर वाहिनीचा पट्टा आखलेला

• राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत आणि तारीख

• पंचनामा, भरपाईचा आदेश, बँकेत जमा रकमेची नोंद

• शेजारच्या गटांच्या दोन-तीन खरेदीखतांचे सूची दोन उतारे

या सहा कागदांसाठी तहसील, भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक कार्यालयात काही हेलपाटे होतील. पण भावाची बोलणी सुरू होण्याआधी ते हातात असले, तर ‘लाइन आहे म्हणून भाव कमी करा’ या वाक्याला ‘किती आर आहे, नकाशावर दाखवा’ असं उत्तर देता येतं. बोलणी मग त्या आकड्यावरून सुरू होतात.